नवमीला हललेली गाडी

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, थापाड्या म्हणून गावात प्रसिद्ध होते, आणि ती प्रसिद्धी त्यांनी मेहनतीने मिळवली होती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते एवढं सगळ्यांना मान्य होतं, कारण जाताना गावाने त्यांना पाहिलं होतं आणि परत आले तेव्हा अंगात खाकी कोट होता. मधल्या काळात काय घडलं ते मात्र आबा सांगतील ते. हत्तीने चिखलातून ओढून काढलेली गाडी, जिच्या पाठीवरून चाक गेलं तरी जिची झोप मोडली नाही ती सुसर, काळोख्या रात्री दिवे न लावता पुढच्या गाडीखालच्या पांढऱ्या ठिपक्यामागे चालवलेला ट्रक. गोष्ट कुठलीही असो, आबा स्टेअरिंगवर असायचे.

तिथेच गावाचं घोडं अडायचं. सुसर एक वेळ चालून गेली असती. पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हाती सरकारने लष्करी गाडी दिली, हे गावाच्या घशाखाली उतरत नव्हतं. साहेबाची मोरी धुवायला नेलं असेल, असं लोक म्हणायचे, आणि ते आबांच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे. आबांनी परत आल्यावर लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत मोटारमालकांचे उंबरे झिजवले होते. आधी जात विचारली जाई, मग कागद. कागद परतीच्या प्रवासात ट्रंकेसकट चोरीला गेले, असं आबा सांगत. गावाचं म्हणणं सरळ होतं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. शेवटी आबा लोणावळ्यात एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर माळी आणि राखणदार म्हणून चिकटले आणि तिथेच राहिले. मालक उन्हाळ्यात येत, बाकीचे दिवस आबा गुलाबांना लढाई सांगत.

आईचा स्वभाव निराळा. ती कमी बोले, आणि बोलली तर समोरच्याला दुसऱ्यांदा बोलावंसं वाटत नसे. एकदा भाताच्या लावणीला मी तिच्याबरोबर होते. शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "तुजा दादला डरायव्हर व्हता म्हनं, मंग आता झाडाला पानी का घालतोय?" आईने हातातली रोपांची जुडी चिखलासकट तिच्या तोंडावर फेकली आणि म्हणाली, "गाडीच चालवत व्हतं त्ये. आनि येकदा इचारून बघ." त्या दिवसाचं काम गेलं. पुढच्या वर्षीही त्या शेतावर तिला कोणी बोलावलं नाही. आबांसाठी तिने अशी किती भांडणं केली असतील याला गणती नाही.

माझं म्हणाल तर मी शिकले, मास्तरीण झाले, आणि शिकलेल्या माणसाला सोयीचं असतं तसं माझं मत ठेवलं. म्हणजे विश्वास ठेवायचा नाही आणि ठेवत नाही असंही म्हणायचं नाही.

त्या वर्षी, म्हणजे सत्तरनंतरच्या एका भाद्रपदात, एक परदेशी टेलिव्हिजन कंपनी आमच्या भागात आली. ब्रह्मदेशातल्या लढाईवर त्यांना मालिका काढायची होती. खऱ्या ब्रह्मदेशात जायला परवानगी नव्हती, म्हणून कोणीतरी त्यांना पावसानंतरचा मावळ दाखवला. हिरवे डोंगर, ओढे, चिखल, सगळं तयारच होतं. आमच्या गावात तेव्हा टेलिव्हिजन कोणी पाहिलेला नव्हता. पुण्यात काही घरांत आला आहे असं ऐकून होतो. एवढी माणसं एवढ्या लांबून येऊन जे करत होती ते एका पेटीत दिसणार आहे, हे मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "पेटीत मावंल का?"

कंपनीचा सामानप्रमुख आबांच्या बंगल्यावर उतरला. हा साहेब म्हणजे लाल चेहऱ्याचा, हडकुळा, दिवसभर गुडघ्यावर बसून चाकांचे नट तपासणारा माणूस. गाड्या, बंदुका, हेल्मेटं, डबे, सगळं युद्धात होतं तसंच दिसलं पाहिजे ही त्याची जबाबदारी होती. त्याचं बोलणं मजुरांना आणि मजुरांचं त्याला कळेना, तेव्हा आबांनी परस्पर माझं नाव सुचवलं. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं होतं, पण चालून गेलं. आधी शाळा सुटल्यावर आणि मग नवरात्रात सुट्टी लागल्यावर दिवसभर, मी गावालगतच्या चित्रीकरणाच्या माळावर दुभाषी होते.

गाड्या त्याने लोणावळा, तळेगाव, चाकण इथल्या माल वाहणाऱ्यांकडून जमवल्या होत्या. युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेले ट्रक तेव्हाही आपल्याकडे धावत होते, वाळू, गवत आणि वऱ्हाडं वाहत. साहेबाने त्यांचे रंग खरवडले. मागच्या फळीवरचा 'आईचा आशीर्वाद' गेला, गोंडे गेले, आरसे गेले, हॉर्न गेले. ट्रकचे ड्रायव्हर शेजारी उभे राहून बघत होते, देवळाचा कळस उतरवताना बघावं तसे. बंदुका मात्र बहुतेक लाकडाच्या होत्या. मुंबईचे सुतार त्या माळावरच करत. रणगाडा प्लायवूडचा आणि त्याच्या पोटात ट्रॅक्टर. पण लांबून काय बिशाद होती कोणाची ओळखायची. एका शिपायाच्या कोटाला चुकीचं बटण लागलं म्हणून त्या साहेबाने पूर्ण सकाळ काम थांबवलं होतं.

एके दिवशी तो गाडीखाली शिरला आणि मागच्या चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो त्याला पांढरा रंग लावू लागला. मी विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, रात्री दिवे लावले तर शत्रूला दिसतं, म्हणून पुढच्या गाडीखालच्या पांढऱ्या ठिपक्यावर एक बारीक दिवा पडायचा आणि मागची गाडी त्याच्या मागे जायची.

मी वाकून गाडीखाली बघितलं. लहानपणापासून ज्या ठिपक्याला गाव हसत आलं होतं तो माझ्यासमोर ओला होता. मग शिकलेलं डोकं लगेच म्हणालं, ठिपका क्लीनरलाही दिसतो. मागे बसलेल्या हमालालाही दिसतो. एवढ्याने ड्रायव्हर ठरत नाही.

त्याच आठवड्यात हिंदुस्थानी शिपाई निवडायचे होते. आबांनी बंगल्यावरून रजा घेतली, मिशीला तेल लावलं आणि रांगेत ताठ उभे राहिले. मुंबईहून आलेला एक तरुण मदतनीस निवड करत होता. उंच, गोरे, रुंद छातीचे तेवढे त्याने शिपाई केले. ड्रायव्हरच्या भूमिकेला त्याने मुंबईचाच एक देखणा मुलगा आधी ठरवला होता. त्याला सायकलसुद्धा येत नसावी. जवळून चित्र घ्यायचं तेव्हा हा स्टेअरिंग धरून बसायचा, आणि लांबून घ्यायचं तेव्हा ट्रकचा खरा ड्रायव्हर गणवेश घालून गाडी हाकायचा. आबांच्या काळ्या, सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बघून मदतनीस म्हणाला, "तू तिकडे, हमालांत." आबांनी पाठीवर पोतं घेतलं.

मला फार राग आला. मी साहेबाला गाठलं आणि माझ्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत सुनावलं, की तुमच्याकडे बटण खरं लागतं, चाकाचा नट खरा लागतो, माणूस मात्र कसाही चालतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "माणसं माझ्या खात्यात येत नाहीत," तो म्हणाला. त्याचं खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला. आबांना त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी ते वस्तीत सांगत बसले होते, की हमालाचा पार्ट लय महत्त्वाचा असतो, हमाल नसंल तर फौज खाईल काय.

मग नवमी आली. आदल्या रात्रीपर्यंत पाऊस रेंगाळत होता आणि त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. कंपनीचं शेवटचं मोठं काम बाकी होतं, लष्करी ट्रकने ओढा ओलांडून पलीकडच्या वळणाआड जायचं. दुसऱ्या दिवशी गोरे नट परत जाणार होते. मी माळावर पोचले तेव्हा साहेब डोक्याला हात लावून उभा होता.

ड्रायव्हरांनी पहाटे उठून सगळे ट्रक धुतले होते. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू, रेडिएटरवर झेंडूची माळ. सुतारांनी करवत, रंधा, पटाशी मांडली होती आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर लाकडी बंदुका ओळीने. प्रत्येक नळीला हळद. प्लायवूडच्या रणगाड्यालाही हार होता. खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की त्या दिवशी ते चालवायचं नाही, हे साहेबाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं असतं हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पण या बंदुका खोट्या आहेत," साहेब म्हणाला. मी ते मराठीत सांगितलं.

तळेगावचा वयस्क ड्रायव्हर सगळ्यांच्या वतीने बोलत होता. तो म्हणाला, "आसतील लाकडाच्या. आमी पूजा केली ना? मंग हत्यारच झालं. आज उचलायचं न्हाई. चाक बी हलायचं न्हाई."

साहेबाने ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. इतके दिवस ज्या वस्तू खऱ्या दिसाव्यात म्हणून तो धडपडत होता त्या आज या लोकांच्या लेखी खऱ्या झाल्या होत्या, आणि त्यामुळेच त्याचं काम अडलं होतं. बंदुकांचं तो सोडायला तयार झाला, त्या चित्रात दिसणार नव्हत्या. पण एक गाडी तरी हवीच होती. ड्रायव्हर काही ऐकेनात. दुप्पट देतो म्हटलं तरी ते लिंबाकडे बघत राहिले.

इकडे माळाच्या उतारावर सगळं गाव येऊन बसलं होतं. त्यांचेही कोयते-विळे पूजेला बसलेले, शेतावर कोणी जाणार नव्हतं, मग फुकटचा तमाशा कोण सोडतो. आई पण आली होती, दुसऱ्यांचीच कामं बंद तर तिला काम कुठलं. वस्तीतल्या बायकांबरोबर ती एका कडेला बसली होती.

हमालांच्या घोळक्यातून आबा पुढे आले. खांद्यावरचं पोतं त्यांनी खाली ठेवलं आणि तळेगावच्या ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, आमी छप्पन सालापास्नं पूजा करत न्हाई. मी चालवली तर?"

ड्रायव्हरने विचार केला. खरंच केला, धर्मशास्त्राचा प्रश्न असल्यासारखा. "तुमी करत न्हाई तर तुमाला दोष न्हाई," तो म्हणाला. "गाडीला बी न्हाई, ती माझी हाय, मी हलवली न्हाई. पन हळद पुसू द्यायचो न्हाई. हार बी काडायचा न्हाई."

हे मी साहेबाला सांगितल्यावर तो पुन्हा उसळला. लष्करी ट्रकवर झेंडूची माळ घेऊन तो जगाला तोंड दाखवणार नव्हता. तेव्हा आबा मला म्हणाले, "त्येला सांग, तितं बी नवमीला आमच्या कंपनीच्या समद्या गाड्यांना हळद-कुंकू लागायचं. झेंडू मिळायचा न्हाई, रानातली पिवळी फुलं आनायचो. त्या टायमाला मी बी लावलंया."

"तो तिथे होता?" साहेबाने विचारलं.

"होता."

"काय करत होता?"

मी आबांना विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. "गाडी चालवत होते असं म्हणतात," मी म्हणाले.

साहेबाने आबांकडे नीट बघितलं, चाकाचा नट बघायचा तसं. "माळ राहू दे. ही गाडी चालवता येईल का, विचार."

उतारावर सगळं गाव बसलेलं. आबा आजवर खोटे ठरले नव्हते, कारण त्यांना कोणी गाडीच दिली नव्हती. नुसता संशय होता, आणि संशयाच्या सावलीत माणूस एक आयुष्य काढू शकतो. आता ते त्या पायरीवर चढले आणि गाडी हलली नाही, तर उरलेलं आयुष्य ते गावात कसं काढणार होते? नाही म्हणतात, असं सांगून मी विषय तिथेच संपवू शकले असते. साहेबाला कळलं नसतं. आबांनाही कळलं नसतं.

मी विचारलं. "आबा, येईल का म्हणतोय. खरं सांगा."

"ही लहान हाय," आबा म्हणाले. "माजी हिची मोठी भैन व्हती. पन येईल."

देखण्या मुलाचा गणवेश त्यांना ढगळ झाला. बूट मोठे झाले म्हणून त्यांनी ते काढून सीटखाली सरकवले आणि अनवाणी वर चढले. बसल्यावर बराच वेळ त्यांनी काहीच केलं नाही. हात स्टेअरिंगवर, ओठ हलतायत. कोणीतरी पुढून हँडल मारलं, इंजिन खोकलं, सुरू झालं. आबांनी गिअर टाकला तसा करकरून आवाज आला, गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. उतारावरून हसण्याची लाट आली. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती, पदर तोंडात धरून बसली होती.

पुन्हा हँडल मारलं. या वेळी आबांनी क्लच दोनदा दाबला. पाय वर घेतला, परत दाबला, मध्ये इंजिन जरा ओरडवलं, आणि गिअर लोण्यासारखा बसला. गाडी निघाली. धावत नव्हती, चालत होती, जड म्हैस पाण्याला निघावी तशी. ओढ्याशी आल्यावर लोकांना वाटलं थांबेल. ती थांबली नाही. पाणी दोन्ही बाजूंना फुटलं, मागची चाकं क्षणभर गोट्यांवर फिरली, आबांनी गाडीला घाई केली नाही, आणि ती पलीकडचा चढ चढून झेंडूच्या माळेसकट करवंदीच्या जाळ्यांमागे दिसेनाशी झाली. उतारावरचे लोक उठून उभे राहिले.

कॅमेरा थांबला. सगळे वाट बघू लागले. आबा काही परत येईनात. दिग्दर्शक ओरडायला लागला, साहेब घड्याळाकडे बघायला लागला, तळेगावचा ड्रायव्हर टाचा उंचावून वळणाकडे बघत होता. आबा आता थेट ब्रह्मदेशात जातात की काय, असं माझ्या मनात आलं. बऱ्याच वेळाने गाडी भलतीकडून, गावाच्या वाटेने आली. पुढे वळवायला जागा नव्हती, असं आबा नंतर म्हणाले. म्हणून ते गावात शिरले, चावडीवरून, पाटलांच्या दारावरून, पिंपळाला वळसा घालून आले. ज्यांना दाखवायचं ते सगळे माळावर बसलेले. ब्रह्मदेशची गाडी गावातून गेली ती कुत्र्यांनी आणि अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीने बघितली.

साहेबाने येऊन आबांचा हात हातात घेतला. तळेगावचा ड्रायव्हर गाडीभोवती फिरून हळद पुसली नाही ना ते बघून गेला. गावातली माणसं हळूहळू खाली आली. ज्यांनी वर्षानुवर्षं मोरी धुतल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातल्या एकाने आबांना विडी दिली. दिली तीही फेकून नाही, हातात हात लागेल अशी. ती मालिका आम्हाला कधी बघायला मिळाली नाही. आपल्याकडे ती आलीच नाही, आणि आली असती तरी त्या गाडीत कोण आहे ते दिसलं नसतं.

आई सगळ्यात शेवटी आली. आबा पायरीवर बसून बूट घालण्याचा प्रयत्न करत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, गाडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्हंजी खरंच चालवत व्हता की तुमी," ती म्हणाली.

आबांचा बूट हातातच राहिला. "म्हंजी?" ते म्हणाले. "तुला बी पटत न्हवतं?"

"न्हवतं."

"येवडी वरसं?"

"त्या सुसरीपास्नं न्हवतं पटत."

"आन् मंग गावभर भांडत फिरलीस ती?"

"भांडले," आई म्हणाली. "नवरा माजा. खरं का खोटं ते मी माज्या घरात बघंन. त्येंनी कशाला बोलायचं?"

आबांनी बूट खाली ठेवला, पायरीवर जरा सरकले आणि तिच्यासाठी जागा केली. आईने दोन्ही बाजूंना बघितलं, गाव बघत होतं. मग ती बसली.